कंपबाबांचं वजन

बाजारचौकात त्या सकाळी एवढी गर्दी लोटली होती की गिऱ्हाईक आलं असं समजून दुकानदारांनी घाईघाईने शटरं वर केली. मग गिऱ्हाईक आपल्याकडे पाठ करून उभं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा दुकानं तशीच टाकून तेही गर्दीत घुसले आणि टाचा उंचावू लागले. न्हाव्याने एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडलं होतं. तेही मागोमाग आलं होतं, साबणासकट.

सगळ्यांच्या नजरा एका जीपवर खिळल्या होत्या. चारही चाकांना जोर लावणारी, डोंगरावरच्या वाड्यांची एकुलती एक सवारी. उंच म्हणजे किती उंच? तिच्या पोटाखाली एक शेळी मान ताठ ठेवून रवंथ करत उभी होती, आणि आपल्या डोक्यावर गाडी आहे याचा तिला पत्ताही नव्हता.

स्टिअरिंगपुढच्या फळीवर गळ्यापर्यंत भरलेला पाण्याचा पेला ठेवला होता.

"पहिली फेरी बाबांशिवाय!" कंपबाबांचा पट्टशिष्य ओरडला.

जीपवाल्याने खाली स्टूल मांडलं, त्यावर चढून तो आत बसला आणि वाकून स्टूल वर ओढून घेतलं. कोणीतरी शेळीला ओढून बाजूला खांबाला बांधलं. क्लच सोडला, आणि गाडीच्या पोटातून आवाज आला, ठक्! गर्दी एक पाऊल मागे सरली. जीप नव्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावरून पिठाच्या गिरणीपर्यंत वेगात गेली आणि परत आली. येताना ती अशी थरथरत होती की जीपवाल्याचे गाल स्वतंत्रपणे हलत होते. पेला रिकामा होता आणि जीपवाल्याची पँट ओली.

"शेठ, हे पाणी पेल्यातलंच ना?" न्हाव्याकडून उठून आलेल्या त्या साबणवाल्याने विचारलं.

"दुसरी फेरी बाबांसह!"

आता कंपबाबा उठले. त्यांना उठायला वेळ लागत असे, कारण ते सगळेच्या सगळे एकदम उठत नसत. आधी पोट उठे, मग बाबा. चार शिष्यांनी खालून रेटा दिला आणि बाबा मागच्या सीटवर जाऊन पसरले. मग चारही शिष्य मागेच चढले. तेही काही वाऱ्यावर वाढलेले नव्हते. जीपने मागून बसकण मारली. क्लच सुटला, ठक्!

"ऐकलंत?" बाबांनी हात उंचावला. "भुताने आम्हाला नमस्कार केला."

जीप गेली आणि आली. पेल्यातलं पाणी जसंच्या तसं. बाबांनी पेला उचलला, सगळ्यांना दाखवला आणि पिऊन टाकला.

"कंपबाबांचा विजय असो!"

गर्दी अशी गरजली की शेळीने दोर तोडला.

आता हा जीपवाला कोण? माणूस कष्टाळू, मिशी भरघोस, आणि उंचीला बेताचा. लोक त्याला तोंडावर 'शेठ' म्हणत आणि पाठीमागे 'वीतभर'. ते त्याला ठाऊक होतं. स्टिअरिंगमागे बसला की बाहेरून फक्त मिशी दिसायची, आणि वाटेतली माणसं म्हणायची, "अगंबाई, ही गाडी मिशीच चालवते!" एकदा डोंगरवाटेवर पलीकडच्या गावचा एक जीपवाला आपल्या उंच गाडीतून खाली वाकून म्हणाला, "बाजूला घे रे बाळा, घरी सांगून आलायस ना?" ते शब्द याच्या काळजात रुतले.

त्याच आठवड्यात त्याने जीप वीतभर उचलून घेतली. गाडीचे धक्के झेलणारे पाटे ज्या लोखंडी पट्ट्यांना टांगलेले असतात त्या काढून टाकल्या, आणि लोहाराकडून दुपटीने लांब पट्ट्या घडवून बसवल्या. त्याच्या नेहमीच्या मेकॅनिकने खूप सांगितलं. "शेठ, नुसतं उचलून चालत नाही. खालच्या शाफ्टचा कोन बिघडेल."

"तू तुझा कोन सांभाळ," असं म्हणून जीपवाल्याने त्याच्याशी बोलणं टाकलं.

गाडी उंच झाली. पलीकडचा जीपवाला भेटला तेव्हा याने अगदी खाली वाकून त्याची चौकशी केली. तो एक दिवस सोन्याचा. दुसऱ्या दिवसापासून गाडीला थरथर सुटली. पुढे पुढे निघताना ठक्, वेग घेतला की थरथर. तीही जीपवाला एकटा असला की जास्त. गाडी माणसांनी भरली की भूत गप्प. एकट्यादुकट्याला गाठायचं ही भुतांची जुनीच खोड, तेव्हा जीपवाल्याला शंका राहिली नाही. खरं सांगायचं तर मेकॅनिकचं बोलणं त्याला रोज एकदा आठवायचं, पण भूत निघालं तर दोष भुताचा, कोन निघाला तर दोष आपला. त्याने मनातल्या मनात भुताच्या बाजूने कौल दिला.

एके दिवशी असाच रिकामा येत असताना रस्त्यात कंपबाबांनी हात केला. तेव्हा ते नुसतेच बाबा होते आणि पायी चालून वैतागले होते. बाबा आणि शिष्य मागे बसले, गाडीने वेग घेतला आणि जीपवाला किंचाळला, "अहो बाबा! थरथर थांबली! तुम्ही बसलात आणि भूत पळालं!"

बाबांनी शिष्यांकडे बघितलं. मग डोळे मिटून म्हणाले, "आम्हाला वाटलंच होतं, तू ओळखशील."

तिथून पुढे बाबांच्या नावामागे 'कंप' लागला आणि जीपवाल्यामागे कटकट. भुताची गाडी म्हणून बाबांशिवाय कोणी तिच्यात पाय ठेवेना. आणि बाबा चार शिष्यांसह मागे बसले की दुसऱ्या कोणाला पाय ठेवायला जागा उरेना. डोंगरावरचे आजारी लोक झोळीतून खाली यायला लागले आणि जीपवाल्याच्या घरची चूल मंदावली. यावर बाबांनी एकच उपाय काढला.

"हे भूत तुझ्या घराण्यावर चिडलेलं आहे. ते इंजिनामागच्या आडव्या नळीत राहतं. वेग वाढला की त्याची झोपमोड होते. गाडी आमच्या आश्रमाला देऊन टाक. नाहीतर ते नळीतून निघेल आणि थेट तुझ्या स्वयंपाकघरात शिरेल."

आजचा तमाशा संपताच बाबांनी जाहीर केलं, "उद्या सकाळी याच चौकात शेठ आम्हाला गाडीची किल्ली देतील!"

टाळ्या पडल्या. जीपवाल्यानेही वाजवल्या, कारण सगळेच वाजवत होते.

घरी बायकोने परात आपटून त्याचं स्वागत केलं.

"किल्ली देताय म्हणे. द्या. आणि उद्यापासून ताटात काय वाढू? तुमची मिशी?"

"अगं, भूत घरात शिरेल म्हणतात बाबा."

"शिरू दे. शिरलंच तर निदान भांडी घासायला सांगता येईल. तुम्हाला सांगून उपयोग नाही. म्हणून मी वन्संना बोलावून घेतलंय."

जीपवाला चपला शोधायला लागला. भुताला तो एक वेळ तोंड देऊ शकला असता, पण थोरल्या बहिणीला नाही. ताई तालुक्याच्या शाळेत भूमिती शिकवायची. ती व्हरांड्यातून चालली की दोन वर्ग आपोआप गप्प व्हायचे, आणि त्यातला एक बाजूच्या शाळेतला असायचा. ती दुपारच्या गाडीने आली. काखेत फळ्यावर वापरायचा भलामोठा लाकडी कोनमापक होता.

"हे कशाला आणलंस?" जीपवाल्याने घाबरून विचारलं.

"तुझ्या बायकोने सगळं सांगितलंय फोनवर. आता तू सांग, छोट्या. बाबा झोपलेले असले तरी भूत पळतं?"

"हो."

"म्हणजे मंत्र लागत नाही. बाबा केळी खात असले तरी?"

"ते खातच असतात."

"बरं. गाडी माणसांनी भरलेली असली की थरथर नाही?"

"भूत गर्दीला लाजतं, ताई."

ताईने त्याच्याकडे नापास होणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "आणि बटाट्यांना?"

"काय?"

"भूत बटाट्यांना लाजतं का?"

बायकोने भिंतीकडे तोंड करून पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी चौकात कालच्यापेक्षा जास्त गर्दी. किल्ली जीपवाल्याच्या मुठीत घामाने ओली झालेली. बाबा हात पुढे करणार, तेवढ्यात ताई हात जोडून पुढे आली.

"बाबा, नुसती गाडी देणं बरं दिसत नाही. तुम्ही आणि तुमचे शिष्य यांच्या वजनाइतके बटाटे आमच्याकडून घ्या, अशी इच्छा आहे."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातही आलं. "इच्छा शुद्ध आहे, बाई. काटा कुठे आहे?"

काटा चौकातल्या बटाट्याच्या व्यापाऱ्याकडे होता, ट्रकमधून उतरलेला माल तोलायचा. बाबा त्यावर बसले. शिष्य बसले. पट्टशिष्य जरा मागे रेंगाळून खाली वाकून आला. बसताना त्याच्या खिशातून एक धोंडा घरंगळला.

"हे काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"साधना," शिष्य म्हणाला.

सगळ्या शिष्यांच्या खिशांतले धोंडे बाजूला ठेवून वजन झालं. तेवढीच पोती भरून जीपमध्ये, बरोबर मागच्या सीटच्या जागी, रचली. जीपने कालच्यासारखीच मागून बसकण मारली. ताईने पेला भरून फळीवर ठेवला.

"छोट्या, गिरणीपर्यंत जाऊन ये. कालच्याच वेगाने. बाबा, तुम्ही इथेच सावलीत बसा."

"आमच्याशिवाय?" बाबा दचकले. "भूत त्याला खाईल!"

"खाईना का. बटाटे आहेत सोबत, भाजी करून खाईल."

जीपवाला स्टुलावर चढून आत बसला. क्लच सुटला. ठक्! त्याने डोळे मिटले, मग चालवायचं आपल्यालाच आहे हे आठवून उघडले. वेग वाढला. नेहमीची जागा आली, जिथे दात वाजायला लागत. दात वाजले नाहीत. गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली आणि आली.

पेला भरलेला होता.

लोकांनी पुढे येऊन पेल्यात बोट बुडवून बघितलं. मग साबणवाला, आज दुसऱ्या गालाला साबण लावून आलेला, हळूच म्हणाला, "म्हणजे बाबांत जी शक्ती आहे ती पोत्यात पण आहे?"

बाबांनी ही संधी झेलली. "अर्थात! ते बटाटे आमच्या वजनाचे आहेत. आम्ही त्यांच्यात उतरलो आहोत. आता ते बटाटे नाहीत, ते आम्हीच!"

"बटाटेबाबांचा विजय असो!" कोणीतरी ओरडलं, आणि बघता बघता गर्दी पोत्यांवर लोटली. एका आजीबाईने पोत्याला डोकं टेकवलं. व्यापारी उरलेल्या मालाची किंमत वाढवायला दुकानाकडे धावला. एकाने एक बटाटा हळूच खिशात टाकला आणि त्याला कंप सुटला.

ताईने कपाळावर हात मारला. मग वर्गात मारायची ती हाक मारली.

"खाली बसा!"

सगळा चौक खाली बसला. बाबासुद्धा बसले.

"बाबा, भूत कुठे राहतं म्हणालात?"

"आडव्या नळीत."

"मग चला, त्याच्या घरी जाऊन येऊ."

तिने पदर खोचला आणि सरळ जीपखाली शिरली. गाडी एवढी उंच की तिला फारसं वाकावंही लागलं नाही. आधी चाकांना पुढूनमागून दगड लावायला लावले, गिअर मोकळा करायला सांगितला. मग इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा जाड लोखंडी दांडा तिने दोन्ही हातांत धरला आणि इकडून तिकडे पिळला.

ठक्.

उलटा पिळला. ठक्.

"बाबा, मलाही नमस्कार करतंय हो भूत. व्यापारीदादा, तुम्ही या. तुम्हालाही करेल."

व्यापाऱ्याने केलं. ठक्. आजीबाईंनी केलं. ठक्. मग रांगच लागली. न्हाव्याने तर ठेका धरला.

"हा शाफ्ट, म्हणजे बाबांची आडवी नळी," ताई म्हणाली. "इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवतो. दोन्ही टोकांना सांधे आहेत, आपल्या मनगटासारखे. हे सांधे झिजलेत. मध्ये पोकळी पडली आहे. निघताना जोर येतो, पोकळी भरते आणि लोखंडावर लोखंड आपटतं. झाला तुमचा नमस्कार."

"आणि थरथर?" व्यापाऱ्याने विचारलं.

ताईने कोनमापक मागवला. त्याच्या मध्यावर दोरा बांधून दोऱ्याला एक बटाटा लटकवला, म्हणजे दोरा सरळ खाली राहील. मग कोनमापकाची कड शाफ्टला टेकवली. "आत्ता पोती आहेत. दांडा किती तिरका आहे ते दोऱ्यावर बघा. आता पोती उतरवा."

पोती उतरली. जीपचं मागचं अंग वर उचललं गेलं, दोरा सरकला आणि बघणाऱ्या सगळ्यांनी "आं!" केलं.

"घसरगुंडी झाली की नाही? असा सांधा मोडून धरून दांडा फिरवला की तो एका वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असते तर एका सांध्याचा धक्का दुसऱ्याने खाऊन टाकला असता. इथे तेही नाहीत. वेग वाढला की धक्केही भराभर बसतात, आणि त्यांची होते थरथर. मागे वजन ठेवा, गाडी खाली बसते, दांडा सरळ होतो, थरथर थांबते. वजन बाबांचं असो, बटाट्यांचं असो, नाहीतर माझं. दांड्याला ओळखपाळख नसते."

लोक हसायला लागले. बाबांच्या कपाळावर घाम आला. पण माणूस कसलेला.

"बाई, दांडा तिरका झाला हे खरं. पण गेल्या वर्षी ही गाडी गुपचूप चालत होती. मग तो आपोआप तिरका झाला?" त्यांनी चौकाकडे वळून बोट रोखलं. "भुताने केला!"

हसणं थांबलं. आजीबाई पुन्हा पोत्याकडे सरकल्या. साबणवाला म्हणाला, "तेही आहेच म्हणा. लोखंड काय आपणहून वाकडं होतं?"

सगळे ताईकडे बघायला लागले. ताईला उत्तर ठाऊक होतं. गाडीखाली शिरताच लांब पट्ट्या तिला दिसल्या होत्या, लोहाराचे हातोड्याचे ठोके अजून त्यांच्यावर ताजे होते. पण ती फक्त भावाकडे बघत राहिली.

जीपवाल्याच्या मुठीत किल्ली होती. समोर बाबांचा पसरलेला हात होता. एका बाजूला त्याचं पोट भरणारी गाडी, दुसऱ्या बाजूला 'वीतभर' हा शब्द, जो आता सगळा चौक उघडपणे म्हणणार होता. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. भूत सगळं अंगावर घ्यायला तयारच होतं बिचारं. गर्दीत त्याला बायको दिसली. ती काहीच म्हणत नव्हती, आणि ती काहीच म्हणत नाही असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.

"मी केला," जीपवाला म्हणाला.

"काय?"

"दांडा तिरका. मी केला!" आता बूच निघालं होतं. "भूतबित कोणी नाही. मीच लांब पट्ट्या लावून गाडी उचलली. मला उंच दिसायचं होतं! मेकॅनिक सांगत होता, मी ऐकलं नाही. चूक कबूल करायची लाज वाटली म्हणून मी भूत मानलं. बाबांना भूत ठाऊक पण नव्हतं हो, ते बिचारे नुसते बसायला आले होते. भूत त्यांना मीच दिलं, तोंडाने."

मग असा हशा उसळला की न्हाव्याच्या दुकानातला आरसा खुंटीवरून निसटला. जीपवाला लाल झाला, काळा झाला, आणि मग त्यालाच कसं कोण जाणे हसू फुटलं. स्टुलावर उभा राहून तो पोट धरून हसायला लागला. त्याने किल्ली खिशात टाकली.

"मेकॅनिक कुठाय? त्याला म्हणावं, शेठ माफी मागतो. आणि पट्ट्या काढायला ये, जुन्या घेऊन. सांध्यातले ते झिजलेले लोखंडी क्रॉसही नवे टाक."

बाबा उठायला लागले. यावेळी पोट आणि बाबा एकदमच उठले.

"निदान बटाटे तरी," पट्टशिष्य पुटपुटला.

"न्या की!" ताई म्हणाली. "शब्द दिलाय, मोडणार नाही. फक्त न्यायचे पाठीवरून. तुमच्याच वजनाचे आहेत, स्वतःला स्वतः उचलायला काय जड जातंय?"

शिष्यांनी पोत्यांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. मग त्यांनी पोती सोडली. त्यातल्या दोघांनी बाबाही सोडले. ते आज व्यापाऱ्याकडे हमाली करतात आणि बरे आहेत.

जीप खाली आली आणि थरथर गेली. क्रॉस नवे पडले आणि ठक् गेलं. डोंगरावरचे आजारी पुन्हा गाडीतून दवाखान्यात यायला लागले. लोक जीपवाल्याला आता तोंडावर 'वीतभर' म्हणतात आणि तोही ओ देतो.

मंडळी, भूत असं कुठून येत नाही. ते आपल्याला हवं असतं म्हणून येतं. कुठे आपली चूक झाकायची असते, कुठे आपल्याला उत्तर शोधायचा कंटाळा असतो, आणि तेवढ्या फटीतून कोणीतरी बाबा पाट टाकून आत येऊन बसतो. त्याला फार हुशारी लागत नाही, उरलेली गोष्ट आपणच त्याला सांगतो. म्हणून तुमच्याही घरात कुठे काही ठकठकलं, थरथरलं, आपोआप उघडलं किंवा मिटलं, तर हात जोडण्याआधी एवढंच करा. कधी होतं ते बघा, कधी होत नाही ते त्याहून नीट बघा, आणि एकेक गोष्ट बदलून पुन्हा बघा. मग खाली वाका आणि आत डोकवा. वाकल्याने कोणाची उंची कमी झाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.